अकरा किलो

"हालली तू," उकंडराव म्हणाले. "उतर आन् पुन्हा उभी राह्य."

"मी का पोतं हाय?" भागिरथा म्हणाली. पण ती उतरली आणि पुन्हा चढली.

जानेवारीतला रविवार होता. कारंज्याच्या बाजार समितीत लिलाव बंद होते, शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर तुरीच्या पोत्याऐवजी उकंडरावांची बायको उभी होती. आकडा दोनदा थरथरला आणि थांबला. त्र्याहत्तर किलो सातशे. उकंडरावांनी सवयीने बारदान्याचे, म्हणजे रिकाम्या पोत्याचे, सातशे ग्रॅम वजा केले. साडी, स्वेटर, बांगड्या, सगळं त्यात धरलं.

"त्र्याहत्तर," ते म्हणाले. "चौऱ्याऐंशी होती तू. तीन महिन्यांत अकरा किलो उतरली."

भागिरथा लाजल्यासारखी हसली. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, तरी नवऱ्याने तोंडावर कौतुक केलं की तिला अजून कुठे बघावं ते कळत नसे.

उकंडराव बाजार समितीत मापारी होते. शेतकऱ्याचा माल आणि व्यापाऱ्याचा पैसा यांच्यामध्ये उभं राहून खरं वजन सांगणं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. अशा माणसाचा जगावर विश्वास राहत नाही. दूधवाल्याचं माप, किराणावाल्याचा तराजू, पेट्रोलपंपाचा आकडा, सगळे त्यांच्या लेखी आरोपी होते. दसऱ्यानंतर गुडघे दाखवायला भागिरथाला दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांचा वजनकाटाही त्यांनी तिथल्या तिथे नापास केला. डॉक्टर म्हणाले होते, गुडघे वाचवायचे तर दहा किलो कमी करा, रोज तासभर चाला. तेव्हापासून भागिरथा शेजारच्या नानीबाईबरोबर पहाटे विहारासमोरच्या मैदानावर फिरायला जाऊ लागली आणि दर रविवारी उकंडराव तिला स्वतःच्या काट्यावर चढवू लागले.

पहिले तीन महिने त्यांना बायकोचा भारी अभिमान वाटला. हमालांपासून अडत्यांपर्यंत ज्याला-त्याला त्यांनी आकडा सांगितला. मग एके दिवशी दारात नानीबाई भेटली.

"भाऊ, माहं तं अर्धा किलोही उतरलं नाही," ती कुरकुरली. "सोबतच तं चालतो आमी. भागिरथाबाई काय खाते, मले तरी सांगाले सांगा."

झालं. उकंडरावांच्या डोक्यात भुंगा शिरला. एकाच शेतातला माल, एकाच दिवशी भरलेली दोन पोती. एकाचं वजन तेवढंच भरतं आणि दुसऱ्यात अकरा किलोंची तूट येते. मापाऱ्याने काय समजायचं?

पहिला संशय पावडरीवर गेला. गल्लीतली एक बाई सकाळी सकाळी बायकांना कसलीशी पावडर कालवलेलं गुलाबी पाणी पाजून वजन उतरवायची हमी देत असे. भागिरथा अंघोळीला गेल्याचं बघून उकंडरावांनी स्वयंपाकघरातले डबे उघडून हुंगायला सुरुवात केली. उडदाच्या पिठाच्या डब्यात नाक असतानाच ती मागे येऊन उभी राहिली.

"काय पाहून राह्यले?"

"साखर."

"साखर तुमच्या पुढ्यात हाय. बरणीत."

दुसऱ्या दिवशी ते मोहनसिंग सरांकडे गेले. सर शाळेतून निवृत्त झालेले पीटी मास्तर. सत्तरीतही ताठ चालणारे, आणि कोणी विचारलं की तासभर बोलणारे.

"सर, एक किलो उतरवाले किती चाला लागते?"

"वजन कोनाचं?"

"समजा, चौऱ्याऐंशी किलोच्या बाईचं."

सरांनी डोळे मिटून बोटांवर हिशेब केला. "तासभर झपाझप चाललं तं एक पुरणपोळी जळते. वरचं तूप वेगळं. रोज चालली आन् खानं वाढवलं नाही, तं महिन्यात किलो, फार तं दीड किलो. लोकाइले वाटते, चाललं का चरबी वितळली. तसं नसते उकंडराव. खानं कमी केल्याबिगर काटा हालत नाही."

"मंग अकरा किलोले?"

"सात-आठ महिने तरी लागतेत. जास्तच."

"तीन महिन्यांत?"

सरांनी डोळे उघडले. "धावत असंन मंग, रोज मंगरूळपीरले जाऊन येत असंन," ते हसत म्हणाले. उकंडराव हसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पाळत ठेवली. भागिरथा आणि नानीबाई निघाल्यावर दहा मिनिटांनी तेही निघाले आणि मैदानासमोरच्या चहाच्या टपरीवर पेपर उघडून बसले. आपल्याच बायकोवर नजर ठेवायची म्हणजे त्यांना चोरट्यासारखं वाटत होतं, पण खरं काय ते कळल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. दोघींनी मैदानाचा एक वेढा पूर्ण केला. दुसऱ्या वेढ्यात भागिरथा मागे पडली आणि विहाराच्या पायरीवर बसली. नानीबाई एकटीच फिरत राहिली, तिसरा, चौथा, सातवा वेढा. भागिरथा कमरेवर हात दाबून तिथेच बसली होती. घरी निघायची वेळ झाली तशी ती उठली आणि तोंडावर पाणी मारून आली, घाम आल्यासारखं दिसावं म्हणून.

उकंडरावांचा चहा तसाच राहिला. ती खोटं वागली याचा राग त्यांना आधी आला, आणि तो राग पुरता वर यायच्या आतच दुसरी गोष्ट ध्यानात आली. ही चालतच नाही. मग अकरा किलो गेले कुठे? माल काढला नाही आणि पोतं हलकं होत चाललं, तर पोत्याला कुठेतरी भोक असतं.

घरी त्यांनी तिला समोर बसवलं. "मी पाह्यलं तुले. तू चालत नाहीस."

ती नखाने सतरंजीची दशी ओढू लागली. "दम लागते. एक येढा झाला का पाय गळतेत. पाठीत कळ येते."

"कदीपासून?"

"दिवाळीपासून. जेवनही जात नाही. दोन घास खाल्ले का पोट भरते."

"आन् मले सांगतलं काहून नाही?"

"तुमी साऱ्या यार्डात सांगत होते, माही बायको उतरली म्हनून. किती खुश होते तुमी. मलेही बरं वाटे. साडी नीट नेसता येऊन राह्यली होती."

उकंडराव रोज आठ वाजता डबा घेऊन निघत आणि अंधार पडल्यावर येत. जेवलीस का, विचारलं की ती जेवली म्हणे, आणि ते मान डोलवत. साऱ्या जगाचा काटा तपासणाऱ्या या माणसाने घरातलं एक ताट कधी तपासलं नव्हतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते उठून उगाच अंगणात जाऊन उभे राहिले.

कारंज्याच्या डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं आणि अकोल्याची चिठ्ठी दिली. अकोल्यात यंत्राखाली फोटो निघाले. पोटात खोल गाठ होती, आणि ती काढता येण्यासारखी नव्हती. दर पंधरा दिवसांनी औषधाची सलाईन लावायची ठरली. "यांना खाऊ घाला," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वजन साठच्या खाली गेलं तर पुढची सलाईन झेपणार नाही, थांबवावी लागेल."

मग उकंडरावांनी रजा टाकली. तुपातला शिरा, अंडी, पेज, खारीक घातलेलं दूध. भागिरथा त्यांच्या समाधानासाठी गिळत असे आणि अर्धं परत येत असे. नानीबाईने चालणं सोडलं. ती सकाळी येऊन भागिरथाचे केस विंचरून देऊ लागली.

एप्रिलमध्ये, चौथ्या सलाईनच्या आदल्या दिवशी, भागिरथाच म्हणाली, "मले काट्यावर घेऊन चाला."

रविवार होता. शेड रिकामं होतं. उकंडरावांनी तिला दंडाला धरून चढवलं आणि मागे उभे राहिले. आकडा हलू लागला तेव्हा त्यांच्या उजव्या पायाने त्यांना न विचारता काम केलं. चपलेतून निघालेला अंगठा काट्याच्या कडेवर टेकला आणि अलगद दाबत गेला. एकसष्ट किलो दोनशे. अकोल्याचा काटा वेगळा आहे आणि उद्या तो खरं तेच सांगेल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी अंगठा निघेना. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एका दाण्याचं पाप केलं नव्हतं.

भागिरथा समोरच्या भिंतीकडे बघत होती. खाली न बघताच ती म्हणाली, "पाय काढा तुमचा."

त्यांनी पाय काढला.

"अठ्ठावन्न चारशे," तिने आकडा स्वतःच मोठ्याने वाचला, आणि उतरण्यासाठी त्यांच्याकडे हात पुढे केला.