आक्काची जीभ

आक्का शिडीवर, दाजी शिडीखाली, आणि दोघांची चांगलीच जुंपलेली. मी चादरीचं टोक धरून मधे उभा. ऊन असं की कवटी तडकावी, आणि वरून पिकलेली तुती टपाटप अंगावर. माझा पांढरा सदरा जांभळा झाला, तरी या दोघांचं काही संपेना.

"अहो, फांदी हलवा म्हणलं, झाड उपटा म्हणलं नाही!" आक्का वरून ओरडली. "हिरवी पडायला लागली सगळी!"

"पिकलेलीच पडतायत."

"नाक गेलं, जीभ गेली, आता डोळे पण गेले का तुमचे?"

दाजी माझ्याकडं बघून म्हणाले, "बघ रे गवंड्या तुझी बहीण. आणि मलाच म्हणतात भट्टीवाला. खरी भट्टी तर ही."

आक्का खोटं बोलत नव्हती. दाजींनी उभी हयात चुनाभट्टीवर काढली. चुन्याच्या धुरळ्यानं आधी त्यांचं नाक गेलं, मागोमाग तोंडाची चव गेली. मीठ द्या नाहीतर साखर द्या, त्यांना सारखंच. आणि अशा माणसानं म्हातारपणी नाद कसला धरावा? तर घरी फळांची वाइन करायचा! भट्टीवर येणाऱ्या एका ट्रक ड्रायव्हरकडनं ते शिकले. गाव हसलं. मीही हसलो, कशाला खोटं बोलू? आंधळ्यानं आरशाचं दुकान काढावं, त्यातली गत.

पण दाजींना जीभ होती. ती आक्काच्या तोंडात होती, एवढंच.

तुती तोडायची, देठ काढायचे, हातानं कुस्करायची, उकळून गार केलेलं पाणी घालायचं, साखर घालायची, पाववाल्याकडनं आणलेलं खमीर टाकायचं. हे सगळं दाजी करायचे. मग चमचा आक्कापुढं धरायचे आणि शाळेतल्या पोरासारखे तिच्या तोंडाकडं बघत राहायचे. आक्का जिभेला थेंब लावायची, डोळे मिटायची आणि सुरू व्हायची. "साखर आखडती घातलीत. देठ राहिलेत, तुरट लागतंय. फडकं ओलं होतं का हो? कुबट वास मारतोय." कधी म्हणून चांगली म्हणायची नाही. दाजी तिनं सांगितल्याबरहुकूम करत जायचे, आणि जी वाइन व्हायची, ती मी प्यालोय. गावात तसलं काही कुणी प्यालं नसेल. नंतर हसणारेच बाटली मागायला दारात यायचे. लाज नावाची चीज नाही आमच्या गावाला.

पंधरवड्यानं गाळून रस काचेच्या बुधल्यात भरायचा. बुधल्याला बूच, बुचातून रबराची नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. आतली हवा बुडुक बुडुक बाहेर जायची, बाहेरचा वारा आत जायचा नाही. दाजींचा हात मात्र राहायचा नाही. जाता येता बूच काढून आत डोकवायचे. मग आक्का खेकसायची, "झोपलेलं मूल समजा त्याला! सारखं पांघरूण काढून बघतं का कुणी? वारा लागून नासेल." लेकरूबाळ नव्हतं त्यांना. तिनं असं म्हटलं की दाजी गुपचूप बूच लावून अंगणात जाऊन बसायचे.

त्या साली झाड असं लगडलं होतं की फांद्या जमिनीला टेकल्या. आम्ही तुती उतरवली, दाजींनी कुस्करली, मोठ्या बरणीत घातली. दोनतीन दिवसांनी आक्कानं चमचा चाखला आणि म्हणाली, "साखर कमी आहे. घाला अजून, तुमच्या बापाची नाही जात." दाजींनी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाली, हात दुखतोय. मी गाडी आणायला धावलो. गाडी दाराशी आली तोवर आक्का गेली होती.

बायकांनी तिचे हात धुतले, साबण लावून चोळले. नखांतलं जांभळं काही निघालं नाही. दाजी म्हणाले, "राहू द्या. चार दिवसांनी आपोआप जातं ते." बायकांनी तोंडाला पदर लावले. मला तिथं उभं राहवेना, मी मागच्या दारी जाऊन तुतीच्या झाडाला दोन लाथा घातल्या. झाडाचा काय दोष होता?

लोक आले, बसले, रडले, गेले. घरात दाजी उरले आणि ती बरणी उरली. त्यांनी एकट्यानं रस गाळला, बुधल्यात भरला, बूच लावलं. मी रोज संध्याकाळी काम सुटलं की डबा घेऊन जायचो. जेवताना दाजी एकच बोलायचे.

"ही नीट उतरली पाहिजे रे. ही तिच्या हातची आहे. यापुढं काही तिच्या हातचं नाही."

"उतरेल की," मी म्हणायचो.

बाहेर सुसाट वारं सुटलेलं असायचं. शेतं करपून भुईला भेगा पडलेल्या, धूळ नुसती घरभर. आणि दाजी बुधल्यापुढं बसून बूच काढायचे, आत बघायचे, कान लावायचे, बूच लावायचे. परत काढायचे. मी नुसता बघायचो. दु:खात असलेल्या माणसाला काय बोलणार? म्हणलं, तेवढाच विरंगुळा आहे म्हाताऱ्याला.

एके दिवशी त्यांनी मला जेवूच दिलं नाही. आधी हात धुवायला लावले, चूळ भरायला लावली आणि समोर बसवलं.

"तंबाखू खाल्लीस का आज?"

"नाही."

"मग ये. तू चाख."

"मी? अहो दाजी, मी गवंडी माणूस. मला सिमेंट आणि वाळूचं प्रमाण विचारा."

"तू तिच्या पाठचा. एका आईचं दूध प्यालात तुम्ही. खाण तशी माती. तुझ्या तोंडात तिची थोडी तरी जीभ असेल."

त्यांनी चमचा भरला. अर्धी पँटवर सांडली. बुधल्याभोवती चिलटं घोंगावत होती, ती त्यांनी दुसऱ्या हातानं हाकलली. चमचा माझ्या तोंडापुढं धरला आणि माझ्याकडं बघत राहिले. आक्काकडं बघायचे ना, अगदी तसेच.

मी चाखली. बाबांनो, काय सांगू! दात आंबले, कानशिलं ताणली, घशाखाली घोट जाईना. वाइन कुठली? निव्वळ शिरका झाला होता. पण त्या म्हाताऱ्याचं तोंड माझ्यापुढं होतं. माझी छाती झाली नाही.

"फक्कड!" मी म्हणलो. "वा दाजी, एक नंबर उतरली!"

दाजींनी चमचा खाली ठेवला.

"काय म्हणलास?"

"चांगली झालीय म्हणलं. झकास."

"नासली तर मग," ते म्हणाले.

"अहो, चांगली म्हणतोय ना मी!"

"तेच तर. तुझ्या आक्कानं उभ्या जन्मात एकदाच चांगली म्हणलं होतं. त्या साली मी तापानं अंथरुणाला खिळलो होतो. मी उठायच्या आत बुधला रिकामा. म्हणाली, पाव्हण्यांनी संपवली. कोण पाव्हणे? नासली होती, हिनं मोरीत ओतली. मी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही." त्यांनी पँटवरचा डाग अंगठ्यानं पुसला. "जीभ मात्र तिचीच आहे रे तुझी."

मी खाली मान घातली. मग रागच आला मला, त्यांचा का माझा कुणास ठाऊक.

"वारा लागलाय तिला! दिवसातनं दहा वेळा बूच काढता तुम्ही! ठाऊक नव्हतं का तुम्हाला? माहीत असून कशाला उघडत होता?"

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. रडले बिडले नाहीत.

"मला वाटायचं, आता ओरडेल," ते म्हणाले.

मी बुधला जवळ ओढला. विचारलं, "ओतून येऊ का मोरीत?"

"नको."

उठले, फळीवरचा पेला घेतला, काठोकाठ भरला आणि घटाघटा प्यायला लागले. मी हात धरायला गेलो. "दाजी, आंबट जहर झालीय ती! पोटात आग पडेल!"

"पडू दे. मला कुठं कळतंय?"

त्यांनी दुसरा पेला भरला. मी त्यांच्या हातातनं तो ओढून घेतला आणि मीच पिऊन टाकला. निदान तेवढी तरी त्यांच्या पोटात जायला नको. त्यांनी तिसरा भरला.

आता रोज संध्याकाळी असंच चाललंय. बुधला अजून अर्ध्याच्या वर आहे.