गुडघ्यातले कुसळ

मित्रांनो, सोनोग्राफीच्या यंत्राला वायरने जोडलेली, साबणाच्या वडीएवढी एक वस्तू तुम्ही दवाखान्यात पाहिली असेल. डॉक्टर ती अंगावरून फिरवतात आणि समोरच्या पडद्यावर आतले चित्र उमटते. तोच मी. मला प्रोब म्हणतात. आता मी जुना झालो आहे, पण एके काळी माझा रुबाब काही औरच होता.

माझा जन्म धुळीचा कणही शिरणार नाही अशा एका बंद खोलीत झाला. माझ्या पोटात केसासारख्या बारीक पट्ट्या ओळीने बसवल्या आहेत. त्या माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतात आणि आतून परतणारा प्रतिध्वनी टिपतात. त्या प्रतिध्वनीचेच पडद्यावर चित्र बनते. पोटात खोलवर बघण्याचे काम माझ्या जाडजूड भावाकडे होते. मला फार खोलचे दिसत नाही, पण जे दिसते ते अगदी बारीक दिसते. म्हणून खांदे, मनगटे आणि गुडघे माझ्या वाट्याला आले.

आणि माझे भाग्य असे, की मी एका डॉक्टरबाईंच्या हाती पडलो.

बाई मला पेनासारखे हलके धरत आणि करंगळी पेशंटच्या पायावर टेकवून ठेवत, म्हणजे हात हलायचा नाही. कातडीवर लावायचे बुळबुळीत जेल गार लागून कोणी दचकू नये म्हणून त्याची बाटली आधी कोमट पाण्यात ठेवत. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी देऊन तो थोडा वाकवत. मग वाटीच्या वर, वाटीच्या खाली, आतली बाजू, बाहेरची बाजू आणि शेवटी पालथे झोपवून मागची बाजू. शिकायला आलेल्या डॉक्टरांना त्या म्हणत, "गुडघा म्हणजे चार दारांचं घर. एकच दार ठोठावून परत फिरायचं नाही."

एकदा एक शिवणकाम करणारी आई आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. पायाला भिंगरी लावल्यासारखी धावते म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणत. पण त्या दिवशी भिंगरी लंगडत आली आणि मान खाली घालून बसली.

"शाळेच्या लाकडी स्टेजवर घसरून पडली होती," आई सांगू लागली. "जखम कधीच भरली. एक्स-रे काढला, तो चांगला आला. गोळ्या झाल्या. तरी दुखणं आहेच. मध्येच सुजतं, मध्येच उतरतं. आता तिचा मामा म्हणतो, कवायत चुकवायला नाटकं करते. मला तर काही सुचेनासं झालंय."

भिंगरी मान वर न करता कॉटवर जाऊन आडवी झाली. नेहमी खोटे ठरणारे माणूस हळूहळू बोलायचेच सोडून देते, नाही का?

बाईंनी तपासणी सुरू केली. वाटीला धरून ठेवणारे पांढरे, विंचरल्यासारखे धागे सरळ होते. सांध्यात पाणी नव्हते. दोन्ही बाजू ठीक, मागची बाजूही ठीक. बाईंनी दुसरा, न दुखणारा गुडघाही पाहिला. दोन्ही सारखेच दिसले.

"म्हणजे काहीच नाही ना?" आई म्हणाली. तिच्या आवाजात सुटकाही होती आणि रागही.

भिंगरीच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळले. दुसऱ्या कोणी मला पुसून खुंटीला टांगले असते. बाईंनी तसे केले नाही.

"बाळा, यंत्राचं राहू दे. तू मला एका बोटाने दाखव, कुठे दुखतं?"

भिंगरीने वाटीच्या खाली, जरा आतल्या बाजूला बोट ठेवले. तिथे जखमेचा फिकट डाग होता. बाईंनी त्या जागी जेलचा चांगला ढीग घातला आणि मला कातडीवर दाबलेच नाही, जेलवर तरंगत ठेवले, म्हणजे कातडीलगतचेही नीट दिसते. आधी एक ठिपका दिसला. तसे ठिपके कितीतरी दिसतात. पण बाईंनी मला हळूहळू फिरवले आणि त्या ठिपक्याची लख्ख रेघ झाली! रेघेभोवती काळसर कडे, रेघेखाली सावली.

"सापडलं!" बाई म्हणाल्या. "लाकडाचं कुसळ आहे. लाकूड एक्स-रेत सहसा दिसत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ सगळ्यांना दिसतं म्हणे, तुझ्या गुडघ्यातलं मात्र कुणालाच दिसलं नाही बघ!"

मग त्या आईकडे वळल्या. "बरं झालं आणलंत. आणखी आत सरकलं असतं तर सांध्यात पू झाला असता."

आई कॉटजवळ आली आणि तिने भिंगरीचे पाऊल दोन्ही हातांत धरले. "माझं चुकलं गं. तू सांगत होतीस, मीच ऐकलं नाही."

भिंगरीने नाक ओढले. "मग मामालापण सांग."

पुढे सर्जननी ते कुसळ काढले, तेव्हाही निर्जंतुक पिशवी घालून मी वाट दाखवायला होतो. आयुष्यात खूप गुडघे पाहिले, पण माझी छाती फुगली ती त्या दिवशी.

काही वर्षांनी बाई दुसऱ्या गावी गेल्या आणि माझे दिवस फिरले. माझ्या वायरीवरून ट्रॉलीची चाके जाऊ लागली. वाळलेले जेल तोंडावर तसेच राहू लागले. एकदा मी हातातून निसटून फरशीवर आपटलो. वरून ओरखडाही नव्हता, पण आतल्या काही पट्ट्या कायमच्या गेल्या आणि चित्रात काळे पट्टे येऊ लागले. मग माझ्या जागी नवा प्रोब आला.

सध्या मी शिकवणीच्या खोलीत असतो. नवे डॉक्टर एकमेकांच्या गुडघ्यांवर मला फिरवून हात बसवतात, गुदगुल्या झाल्या की हसतात. मला ते आवडते.

मित्रांनो, यंत्रे मुकी असतात. आम्हाला आपटू नका, काम झाले की पुसून ठेवा, एवढेच आमचे मागणे. आणि एक गोष्ट लक्षात असू द्या. आम्हाला हाड दिसते, धागे दिसतात, कुसळही दिसते, पण दुखणे दिसत नाही. ते ज्याचे त्यालाच सांगावे लागते आणि दुसऱ्या कोणीतरी जवळ बसून ऐकावे लागते. तेवढे काम अजून कोणत्याही कारखान्याला जमलेले नाही. ते तुमचेच आहे.