पुलावरून आलेला फोन

मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखा टेलिफोन पाहिलाही नसेल. मी काळा आहे, वजनदार आहे आणि माझ्या पोटावर आकड्यांची चकती आहे. एका कारखान्यात चष्मा लावलेल्या एका बाईने माझ्या तारा जोडल्या, कानाला लावून पाहिले आणि ती म्हणाली, "हा छान बोलतो." माझे आयुष्यातले पहिले कौतुक तेच.

मला एका शाळामास्तरांच्या दोन खोल्यांत बसवले. मास्तर नुकतेच आमदार झाले होते. घंटी वाजली की हातातला घास ठेवून ते धावत. "बोला, मीच बोलतोय," असे म्हणत आणि समोरच्याचे गाऱ्हाणे पाठकोऱ्या कागदावर लिहून घेत. कुणाकडे पाण्याचा नळ नव्हता, कुणाच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हता. तेच कागद खिशात घालून ते विधानसभेत जात आणि तिथल्या मंत्र्यांना प्रश्न विचारून हैराण करत. त्यांच्या पत्नीला सगळे वहिनी म्हणत. मास्तर घरी नसले की वहिनी निरोप घेत आणि एकही विसरत नसत. ती माझी सुखाची वर्षे होती.

मास्तर तीनदा निवडून आले. चौथ्या वेळी त्यांनी पक्ष बदलला आणि ते रस्ते व पूल खात्याचे मंत्री झाले. आम्ही मोठ्या बंगल्यात आलो. तिथे मास्तरांचे 'साहेब' झाले. कचेरीत नवे, बटणांचे फोन आले. मला अडगळीत टाकणार होते, पण वहिनींनी जेवणघरात ठेवून घेतले. कचेरीतले फोन आता साहेबांचे सचिव उचलत आणि एकच वाक्य बोलत, "साहेब मीटिंगमध्ये आहेत."

एका गुरुवारी सकाळी माझी घंटी वाजली. साहेब चहा घेत होते. वहिनींनी मला उचलले. पलीकडे नदीवरच्या जुन्या पुलाचा मुकादम होता. कचेरीत तीनदा फोन करून थकला, तेव्हा त्याने कुणाकडून तरी घरचा नंबर मिळवला होता. वहिनींनी फोन साहेबांच्या हातात दिला.

"साहेब, मधल्या खांबाखालची माती वाहून गेलीय. वर हात जाईल एवढी फट पडलीय. पूल बंद करायचा हुकूम द्या."

"रविवारी पलीकडे माझी सभा आहे. माणसं काय पोहत येणार? तोवर कळ काढ. सोमवारी बघू."

"साहेब, रविवारपर्यंत तो..."

साहेबांनी मला खाली ठेवले.

"काय म्हणत होता?" वहिनींनी विचारले.

"काही नाही. घाबरट आहे."

शनिवारी दुपारी पूल पडला. एक बस नदीत गेली. चौदा माणसे गेली आणि पंधरावा तो मुकादम. तो हुकमाची वाट न पाहता लाल फडके घेऊन पुलावर उभा होता आणि गाड्या मागे फिरवत होता. ती बस थांबली नाही.

तीन दिवसांनी जेवणघरातल्या रेडिओवर साहेबांचे विधानसभेतले निवेदन लागले. "माझ्याकडे कोणतीही सूचना आली नव्हती. संबंधित मुकादमाने हलगर्जीपणा केला." वहिनी भाजी चिरत होत्या. त्यांचा हात थांबला. मित्रांनो, मी ऐकू शकतो, ऐकलेले पोचवू शकतो. पण स्वतःहून एक शब्द बोलू शकत नाही. त्या दिवसाइतके त्याचे दुःख मला कधीच झाले नाही.

त्याच आठवड्यात एका बाईचा फोन आला.

"कोण बोलतंय?" तिने विचारले.

"मी... घरचीच."

"ताई, मी मुकादमाची बायको. ते दुकानातून फोन करत होते ना, तेव्हा मी शेजारीच उभी होते. आता शाळेत माझ्या पोरींना म्हणतात, तुमच्या बापानं माणसं मारली. तुम्ही तरी सांगा. फोन आला होता ना?"

वहिनींचा श्वास माझ्यात घुमला. मग त्या म्हणाल्या, "आला होता. मीच उचलला होता."

साहेब घरी आल्यावर वहिनींनी त्यांना सांगितले की, पूल पडल्याची चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांकडे त्या जाणार आहेत.

"माझं काय होईल, कळतंय का तुला?"

"तिचं काय झालंय, ते कळतंय."

"मी काय मुद्दाम पूल पाडला?"

"नाही. पण अहो, खोटं मुद्दाम बोललात."

वहिनी गेल्या आणि सगळे सांगून आल्या. मुकादमावरचा डाग पुसला गेला. साहेबांचे मंत्रिपद गेले, पुढच्या निवडणुकीत आमदारकीही गेली. आम्ही पुन्हा लहान घरात आलो. दोघे एकाच टेबलावर जेवत. वाढू का, नको, एवढेच बोलत.

एके दिवशी साहेबांनी स्वतः माझी चकती फिरवली. मुकादमाने ज्या दुकानातून फोन केला होता, त्याचाच तो नंबर होता. मुकादमाच्या बायकोला बोलावता का, असे त्यांनी दुकानदाराला हळूच विचारले. दुकानदार गेला. बराच वेळ पलीकडून फक्त रस्त्यावरचे आवाज येत होते. साहेबांच्या कानाचा घाम मला लागत होता.

"हॅलो? त्या येत नाहीत म्हणाल्या."

"बरं," साहेब म्हणाले. दुकानदाराने फोन ठेवला, तरी ते मला कानाशी धरून बसून होते.

पुढे माझी लाइन बंद झाली. आज मी भंगारवाल्याकडे पडलो आहे. माझी वायर उंदरांनी कुरतडली आहे. मित्रांनो, माझी धूळ पुसा, असे मी म्हणणार नाही. वस्तू जुन्या होतात, मोडीत जातात. पण कुणी घाबरून तुम्हाला काही सांगत असेल, तर त्याचे वाक्य पुरे होऊ द्या. आणि ऐकलेले असेल, तर उद्या कितीही जड गेले तरी म्हणा, "हो, मी ऐकले होते."