डावखुरं गाढव

"आईचं गाढव करून अत्तरवाल्याच्या दुकानात टांगायचं, आणि वर विचारायचं, चण्यात मीठ का कमी." कासिल्दा पातेल्यात डाव घालून पुटपुटली, पण सुनेला ऐकू जाईल इतपतच.

सून ब्रिहिदा खाली मान घालून कांदा चिरत राहिली. तिच्या नवऱ्याने, फर्मिनने, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या आणि अत्तरवाल्याकडे विकायला ठेवलेल्या त्या चित्राला आठवडाभर सगळं माद्रिद हसत होतं. चार हडकुळी माणसं पाठीवर टेबल तोलून धरलेली, आणि टेबलाशी गळ्याला रुमाल बांधून ओरपणारं गाढव. चमचा डाव्या हातात. घरात डावखुरी एकटी कासिल्दा. तिने मुलाशी अबोला धरला होता, आणि सुनेला टोमण्यांनी सोलून काढलं होतं.

'ते गाढव तुम्ही नाही' असं ब्रिहिदाने सासूला म्हणावं, तर मग कोण ते सांगावं लागणार. आणि ते गाढव तर दर रविवारी इथेच जेवायला यायचं: कासिल्दाचे लाडके पाद्री, डॉन ओलेगारियो. फर्मिनला धर्मन्यायालयात खेचायला त्यांची एक चिठ्ठी पुरली असती.

रविवारी ते आले, गळ्याला रुमाल बांधून बसले. कासिल्दाने चित्र पुढे ठेवून न्याय मागितला. त्यांनी ते लांब धरून पाहिलं आणि पोट हलवत हसले. गावात लोक कुणा धर्मगुरूचं नाव घेत होते म्हणे. आता उलगडा झाला, म्हणाले. आईच्या निंदेचं प्रायश्चित्त म्हणून फर्मिनने पत्रा स्वतःच्या हाताने वितळवावा, अशी आज्ञा झाली. फर्मिनने मान खाली घातली. पत्रा गेला, मान राहिली, असं मनात म्हणत ब्रिहिदाने श्वास सोडला.

"पण कासिल्दाबाई," डॉन ओलेगारियो घास घोळवत म्हणाले, "कान मात्र हुबेहूब साधलेत हो तुमचे."

कासिल्दा त्यांच्या चमच्याकडे बघत राहिली. उजवा हात. मग गळ्यातल्या रुमालाकडे. चाळीस वर्षं छापणाऱ्याची बायको होती ती. पत्र्यावरचं उजवं कागदावर डावं उमटतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ब्रिहिदाने टेबलाखाली तिचा पाय दाबला. तिने तो सोडवून घेतला.

"ह्याचा बाप चित्र आरशात उलटं बघून कोरायचा," ती शांतपणे म्हणाली. "ह्या वेंधळ्याच्या ते कधीच लक्षात राहिलं नाही. मार खाऊनसुद्धा नाही. पाद्रीबाबा, ते गाढव तुम्ही आहात."