तळ्यात पडलेली माणसं

पॅराशूट तुकडीचा इतिहास लिहायचं काम आलं तेव्हा मास्तर मनातून सुखावले. तुकडीतल्या दोन पिढ्यांना विमानातून उडी मारायला त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून निवृत्तीनंतरही ते सगळ्यांचे मास्तरच. पण लिहिता लिहिता सीमेवरच्या मोहिमेपाशी आले आणि हात अडला.

'जवान शत्रूच्या गोळीबारात कामी आले,' असंच आजवर सांगितलं जात होतं. मास्तर त्या दिवशी त्याच विमानात होते. गोळी एकही सुटली नव्हती; सुटला होता तो वारा. वैमानिक 'आज नको' म्हणत असताना वरिष्ठांनी हुकूम सोडला आणि निम्मी माणसं तळ्यात पडली. ओल्या पॅराशूटमध्ये गुरफटून बुडाली. त्यांत मास्तरांचा जिवलग दोस्त होता.

छापण्याआधी त्याच्या बायकोच्या कानावर घालावं म्हणून ते तिच्या घरी गेले. सुट्टीवर आलेल्या मुलाच्या गणवेशाला ती इस्त्री करत होती.

"वहिनी, खरं काय घडलं ते लिहितोय."

तिने इस्त्री उभी करून ठेवली. "मला ठाऊक आहे, भाऊजी. अंगावर जखम नव्हती. केसांत शेवाळ होतं."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"बाप लढताना गेला, एवढ्यावर पोर वाढलं. तुमच्याच तुकडीत भरती झालं. आता त्याच्या पायाखालची जमीन काढून घेऊ?"

दारात मुलगा उभा होता. कधी आला, दोघांनाही कळलं नव्हतं.

"काका, बाबांनी हाक मारली होती?"

खोटं अगदी जिभेवर आलं होतं. मास्तरांनी ते गिळलं.

"मारली. मलाच. मी काठावर पडलो होतो, पोहत निघालो. पोचेपर्यंत पाणी शांत झालं होतं."

मग मुलाने विचारलं, "उडी नाकारता येते?"

"येते. सगळ्यांच्या नजरेतून उतरावं लागतं, पण येते."

मास्तरांनी खरं लिहून दिलं. तुकडीच्या कार्यालयाने छापताना जुनंच वाक्य घातलं, तेव्हा त्यांनी पुस्तकावरून आपलं नाव काढायला लावलं. मुलगा सुट्टी संपवून तुकडीत परतला. वहिनींनी मास्तरांशी बोलणं टाकलं. वारा सुटला की त्या जेवत नाहीत, फोन हातात धरून बसून राहतात, हे मास्तरांना शेजारणीकडून कळत राहिलं.