अमझेऱ्याचं स्थळ

राजवीरचं नाव ॲपवर घातलं ते कृतिकानेच. तो तिचा चुलतभाऊ, धारला शाळेत इतिहास शिकवायचा. चाळिशी आली तरी लग्न जमत नव्हतं. माळव्यात मराठी घरं मोजकी, त्यात जुळणारी स्थळं आणखी कमी. आणि कृतिका देवासहून रोज इंदूरला ज्या कंपनीत जायची, तिचा धंदाच स्थळं सुचवण्याचा.

कृतिका सांभाळायची ते संगणकाचं मॉडेल माणूस कुठल्या फोटोवर रेंगाळतो, काय वाचतो ते पाही. त्यावरून त्याला आवडेल अशी एक व्यक्ती ते आधी रचून काढी, अगदी चेहऱ्यासकट. मग तिच्याशी मिळतीजुळती खरी माणसं शोधी. मोठ्या शहरांत त्याने खूप लग्नं जमवली. धार-देवासकडे मात्र मिळतंजुळतं फारसं कुणी सापडेना, लोक ॲप सोडू लागले. तेव्हा कंपनीच्या साहेबांनी मॉडेलने रचलेलीच माणसं खरी म्हणून दाखवायला सांगितली. कृतिका एकदा विरोध करून गप्प बसली.

उन्हाळ्यात राजवीरदादाचा फोन आला. ॲपवर दिसलेली, धारजवळच्या अमझेऱ्याची एक मुलगी त्याला मनापासून आवडली होती. जुनी देवळं बघत हिंडायची, त्याच्या निरोपांना लांबलचक उत्तरं द्यायची. तिच्यासाठी त्याने ॲपनेच सुचवलेल्या देवासच्या अल्पनाला नकारही कळवला होता.

कृतिका दुसऱ्याच दिवशी बसने धारला गेली. काकू, म्हणजे दादाची आई उमाबाई, स्वयंपाकघरात होत्या. तिने गच्चीवर नेऊन दादाला सगळं सांगितलं.

"म्हणजे ती कुठेच नाही?"

"नाही, दादा."

"आणि उत्तरं?"

"तीही मशीनच लिहितं."

तो कठड्याला टेकून उभा राहिला. "मग तिच्या जवळपासची खरी कोण होती? तुझ्या मशीनला माहीत असेल."

खोटं बोलावं असं तिच्या मनात येऊन गेलं. "अल्पना," ती म्हणाली.

अल्पनाचं तोवर उज्जैनला ठरलं होतं. दादा खाली येऊन नीट जेवला, काकूंशी बोललाही.

कृतिकाने नोकरी सोडली. तिच्या जागी दुसरं कुणी आलं, मॉडेल चालूच राहिलं.

दिवाळीत काकूंचा फोन आला. राजवीर अजून त्या मुलीशी बोलत बसतो, नवं स्थळ बघू देत नाही, म्हणाल्या.

"पण त्याला सगळं माहीत आहे, काकू."

"माहीत आहे गं. म्हणतो, निदान उत्तर तर देते."

'तू समजाव' म्हणून काकूंनी फोन त्याच्या हातात दिला. तो "बोल" म्हणाला. कृतिकाने दिवाळीच्या शुभेच्छा देऊन फोन ठेवला.