काच-पाचचा अठ्ठाविसावा दिवस

मी काच-पाच बोलतोय. नाव ऐकून दचकू नका, दचकायचं काम माझं आहे. मी काँक्रीटचा एक ठोकळा. सगळ्या बाजू सारख्या, वजन आठ किलो, दोन हातांनी उचलावा लागेल एवढा. आज माझा अठ्ठाविसावा दिवस आहे आणि आम्हा ठोकळ्यांत अठ्ठाविसाव्या दिवसाचं नाव कुणी काढत नाही.

दगडाला काय कळतं, असं लोक म्हणतात. दगडाचं मला ठाऊक नाही. मला मात्र सगळं कळतं, आणि जन्मापासून जे जे कळलं त्यातलं फारसं काही बरं नव्हतं.

माझा जन्म इंजिनीअरिंग कॉलेजच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत झाला. सुट्टी लागली की अख्खं कॉलेज ओस पडतं, ही खोली मात्र जागी असते. दर उन्हाळ्यात आठ आठवड्यांसाठी ठिकठिकाणच्या कॉलेजांतली दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं इथे संशोधन शिकायला येतात. अर्ज शेकड्यांनी येतात, घेतात दहा-बारा जणांना. मला ज्या मुलीनं ओतलं ती त्या दहा-बारांतही नव्हती. कुणीतरी ऐनवेळी येत नाही म्हणालं, म्हणून प्रतीक्षा यादीतून हिला फोन गेला. त्यामुळे पहिल्या दिवसापासून ती दुसऱ्याच्या खुर्चीत बसल्यासारखी बसायची, अर्धी बाहेर.

तिला सगळे मुंगी म्हणतात. हे नाव ताईनं ठेवलं, कारण ही पोरगी दिसायला एवढीशी आणि सिमेंटची पोती मात्र एकटी ओढते. ताई म्हणजे इथे पीएचडी करणारी मुलगी. तीन वर्षांपासून ती एकाच गोष्टीच्या मागे आहे: फेकून दिलेल्या बाटल्या दळून त्यांची पूड करायची, ती थोड्या सिमेंटच्या जागी घालायची, आणि काँक्रीट तितकंच मजबूत होतं का ते बघायचं. माझ्या नावातली काच ती हीच.

ओतण्याच्या दिवशी ताईला कुठल्याशा सभेला जावं लागलं. जाताना तिनं सगळं मोजून दिलं. खडी, वाळू, सिमेंट, काचेची पूड, पाणी. "सहा साचे आहेत. आहे तेवढंच वापर, थेंबभर इकडेतिकडे नको," म्हणाली आणि गेली.

मुंगीनं पहिले तीन साचे झकास भरले. मग साच्याचा एक बोल्ट ढिला निघाला, तो आवळण्यात वेळ गेला, आणि उरलेला माल घट्ट होऊ लागला. थापी त्यात रुतेना. तेव्हा तिचा हात नळाकडे गेला. मी हात म्हणतो, कारण डोक्याला त्याचा पत्ताच नव्हता. तिचे वडील गवंडी आहेत. लहानपणापासून तिनं बघितलं होतं, माल आवळला की वरून पाण्याचा एक मग मारायचा आणि पुढे चालायचं. तिनं मग भरला, ओतला, कालवलं. माल लोण्यासारखा झाला. चार, पाच, सहा हे तीन साचे भुर्रकन भरले.

त्यानंतर ती एकदम थांबली आणि दाराकडे बघू लागली. कुणी नव्हतं. कुणी पाहिलं नव्हतं. मी तरी कुठे पाहिलं, मी तर प्यायलो. वहीत पाण्याच्या रकान्यात तिनं ताईनं दिलेला आकडा लिहिला आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी साचे उघडून आम्हाला पाण्याच्या टाकीत सोडलं. ठोकळा पाण्यात राहून पक्का होतो. लोक संकटात देव पाण्यात घालून बसतात म्हणे. इथे मीच पाण्यात होतो, धावा तरी कुणाचा करणार?

सातव्या दिवशी काच-एक, दोन आणि तीनला तोडायला नेलं; आम्हा उरलेल्या तिघांची पाळी अठ्ठाविसाव्या दिवशी. मशीन पलीकडच्याच खोलीत आहे. खाली पोलादी पाट, वर पोलादी पाट, मधे ठोकळा, आणि वरचा पाट सावकाश दाब वाढवत राहतो, ठोकळा फुटेपर्यंत. मशीन चालवणारे काका नव्या मुलांना सांगतात, "यांचा जन्मच मुळी मार खाण्यासाठी झालेला." मुलं हसतात. मी टाकीत असतो, त्यामुळे मला हसता येत नाही.

तीन वेळा कडाड असा आवाज आला. टाकीतलं पाणी थरथरलं. ताईचा आनंदी आवाज आला, "पाचशे साठ किलोन्यूटन! सातव्या दिवसाला पाचशे साठ म्हणजे अठ्ठाविसाव्याला साडेआठशे कुठे गेले नाहीत." तिघांपैकी कुणी परत आलं नाही. त्यांचे तुकडे मागच्या अंगणातल्या ढिगावर गेले.

त्या दिवसापासून माझी पाचावर धारण बसली. आणि मुंगीचीही. साडेआठशे म्हटल्यावर ताई हसली होती आणि मुंगीचा चेहरा उतरला होता. मधल्या काळात तिनं पुस्तकं वाचली होती. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि काँक्रीट कच्चं पडतं, हे आता तिला पानासकट पाठ होतं. आम्ही तिघं कमी दाबाला फुटणार, आणि सगळे म्हणणार, काचेनं घात केला. ताईचं काम पुढच्या वर्षी चालू ठेवायचं की बंद करायचं, हे समिती आमच्या आकड्यांवर ठरवणार होती. म्हणजे पाण्याचा मग मारला एकीनं आणि तीन वर्षं बुडणार दुसरीची.

ती रोज टाकीपाशी यायची. हात घालून आमच्यावरचे आकडे वाचायची आणि निघून जायची. ताई तिला बाजूला बसवून आलेख काढायला शिकवायची, चुकलं तर टपली मारायची. ताई जितकी चांगली वागायची, तितकी ही खाली मान घालायची.

काल सत्ताविसावा दिवस. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मुंगी एकटी आली. एका हातात तारेचा ब्रश, दुसऱ्यात काळा खडू. तिनं मला बाहेर काढून ओट्यावर ठेवलं आणि शेजारी साधा-नऊला ठेवलं. साधा म्हणजे ज्यात काच नाही, पाणी नीट मोजलेलं, ताईनं स्वतः ओतलेला जादा ठोकळा. असे तीन शिल्लक होते. बेत माझ्या लगेच लक्षात आला. त्यांच्यावर आमची नावं, आमच्यावर त्यांची. आम्हा दोघांतला फरक कुणाच्या बापाला कळला नसता.

आता मी काय विचार केला ते सांगतो, हवं तर नावं ठेवा. मला आनंद झाला. उरलेले जादा ठोकळे मशीनखाली जात नाहीत. असाच एक जुना दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराशी ठेवलाय, चार वर्षं मजेत आहे. ती ब्रशनं माझ्यावरचा पाच घासू लागली आणि मी मनात म्हणत होतो, घास बाई, जोरात घास, ताईचं काय व्हायचं ते होवो.

एवढ्यात तिचा फोन वाजला. हात ओले, म्हणून तिनं तो ओट्यावरच स्पीकरवर लावला. वडील होते.

"जेवलीस का?"

"हो," ती म्हणाली. जेवली नव्हती.

"आवाज का असा येतोय?"

"बाबा, एक विचारू? माल आवळला की तुम्ही वरून पाणी मारता ना?"

"मारतो की. सगळेच मारतात."

"त्यानं काही होतं का हो?"

पलीकडे घमेलं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बाजारामागच्या गल्लीत ते तीन मजली घर आहे बघ. त्याची वरची गॅलरी मी ओतलीय. तू दीड वर्षाची होतीस. ऊन मरणाचं, माल हातात आवळत होता, मालक डोक्यावर उभा. घातल्या दोन बादल्या जास्तीच्या."

"मग?"

"मग काय, अठरा वर्षं उभी आहे. रंगबिंग देऊन छान दिसते म्हणे. मी बघितली नाही. मी त्या गल्लीतून जात नाही, बाजारातून वळसा घालून येतो. तुझ्या आईला वाटतं मला चालायची हौस आहे."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं." ते म्हणाले. "नसतंच सांगितलं बहुतेक. भीती वाटते गं. रोज वाटते. का विचारतेस?"

"असंच," ती म्हणाली. "अभ्यासात होतं."

फोन ठेवल्यावर ती ओट्याला टेकून खाली बसली. मी वाट बघत होतो की ती उठेल आणि उरलेला पाच पुसेल. ती उठली, साधा-नऊला टाकीत परत सोडलं, खडू घेतला आणि माझ्यावरचा अर्धवट पाच पुन्हा गिरवला. ठळक, जाड.

ताई जेवून आली तेव्हा मुंगी दारातच उभी होती. तिनं सगळं एका दमात सांगितलं.

"किती पाणी?" ताईनं विचारलं.

"एक मग. मोजलं नाही."

"मोजलं नाहीस?" पाण्यापेक्षा हेच ताईला जास्त लागलं. "इतके दिवस का नाही बोललीस?"

"भीती वाटली."

"मला आता परत अठ्ठावीस दिवस लागतील. आणि समिती वीस दिवसांवर आलीय. कळतंय का तुला?"

"हो."

"जा तू आता. मला तुझ्याशी बोलायचं नाहीये."

आज सकाळी दोघी मॅडमसमोर उभ्या होत्या, एकमेकींपासून लांब. मॅडम या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वही मुंगीपुढे सरकवली. "झालं तसं लिही. तारीख आजची घाल, त्या दिवशीची नको." तिनं लिहिलं. मग मॅडम म्हणाल्या, "समितीला मी आहे ते सांगेन. थांबतील की नाही, मला माहीत नाही. उद्या नवे सहा ओता. तुझे दोनच आठवडे उरलेत, अठ्ठाविसाव्या दिवशी ते फुटताना बघायला तू नसशील."

"आणि हे तीन?" ताईनं विचारलं.

"हे तोडायचेच. काचेचा निकाल म्हणून नाही. वरून एक मग मारला की किती जातं, ते लिहून ठेवू. मुंगी, मशीन तू चालव. काका शेजारी थांबतील."

काच-चार आत्ताच गेला. पाचशे नव्वद. तिनं आकडा मोठ्यानं वाचला. ताईनं लिहून घेतला. ताई अजूनही तिच्याकडे बघत नाही.

आता मी. काकांनी माझं अंग पुसलं, मला आडवं करून खालच्या पाटावर ठेवलं, मधोमध सरकवलं. सकाळपासून मी ठरवत होतो की सगळा जीव एकवटायचा, दातओठ खाऊन साडेआठशेपर्यंत टिकायचं, पोरीची लाज राखायची. आता ते नको वाटतं. माझ्या पोटात पोकळ्या आहेत, त्या कुठून आल्या हे वहीत लिहिलंय. मी जास्त टिकलो तर उद्या कुणीतरी म्हणेल, पाणी मारलं तरी चालतं की. म्हणून जेवढा आहे तेवढाच टिकणार.

वरचा पाट खाली येतोय. टेकला. थंड आहे. भीती गेली असं सांगायला आवडलं असतं, पण आज या खोलीत कुणी खोटं बोलत नाहीये. मला फार भीती वाटतेय. मुंगे, डोळे मिटू नकोस. जो येईल तो आकडा वाच.